मादाम क्यूरींचे सासरे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एखादा गाजलेला संप निवडीन अशी त्यांची कल्पना असावी. मी ‘मादाम क्यूरींचे सासरे’ असे सांगितल्यावर ते जरा थांबले आणि ‘सासरेच ना?’ असे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. सासरेच. संपही या व्याख्यानात येणार आहे, आणि तो मी ओढूनताणून आणलेला नाही. तो त्या घटनेतच आहे.

मी शाळा आठवीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि या गावच्या वाचनालयात. मादाम क्यूरींच्या धाकट्या मुलीने, एव्हने, १९३७ साली आईचे चरित्र प्रसिद्ध केले. ते मी पंचविशीत असताना इंग्रजीतून, कोश शेजारी ठेवून वाचले. त्या वेळी मला रेडियमचे आकर्षण होते. गळक्या शेडमध्ये खनिजाचे ढीग उकळणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तेवढीच लक्षात राहिली. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी अचानक गेली. सकाळी बोलून मी गेटसभेला गेलो आणि दुपारी घरी आलो तो तिला पाहण्यासाठीच. त्यानंतरच्या महिन्यात झोप येईना म्हणून ते पुस्तक पुन्हा काढले. या वेळी त्यात एक म्हातारा दिसला, जो पहिल्या वाचनात मला दिसलाच नव्हता. आजचे व्याख्यान त्या म्हाताऱ्याविषयी आहे.

डॉ. यूजेन क्यूरी यांचा जन्म १८२७ चा. पेशाने वैद्य, मताने कट्टर प्रजासत्ताकवादी आणि देवधर्म न मानणारे. १८४८ साली पॅरिसच्या रस्त्यांत लढाई पेटली, तेव्हा वैद्यकीचा हा तरुण विद्यार्थी जखमींची शुश्रूषा करीत होता. तेथे गोळी लागून त्यांचा जबडा मोडला. १८७१ साली पॅरिस कम्यूनच्या दिवसांत त्यांनी आपल्या राहत्या घरातच जखमींसाठी दवाखाना उघडला आणि जाक व पिएर या आपल्या दोन मुलांना जखमी माणसे शोधून आणण्याच्या कामाला लावले. त्या वेळी पिएर अवघा बारा वर्षांचा होता. पॅरिस कम्यूनचे नाव आमच्या चळवळीत आम्ही अनेकदा घेतो, पण त्या लढाईत पट्ट्या बांधणारे हे घर पुढे क्यूरींचे घर म्हणून जगाला माहीत झाले, हे आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

पिएरने वॉर्साहून शिकायला आलेल्या मेरी स्क्लोदोव्स्काशी १८९५ च्या जुलैत लग्न केले. मी तिला एकेरीत संबोधणार आहे. विठोबाला आपण ‘तू’ म्हणतो, त्याच भावनेने. १८९७ च्या सप्टेंबरात थोरली मुलगी इरेन जन्मली आणि त्याच महिन्यात पिएरची आई कर्करोगाने वारली. एकटे पडलेले डॉक्टर मुलाकडे राहावयास आले, आणि नवरा-बायको प्रयोगशाळेत असताना नातीला सांभाळण्याचे काम आपसूक त्यांच्याकडे गेले. १८९८ साली पोलोनियम आणि रेडियम यांचा शोध लागला, १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळात घरी लहान मूल होते आणि ते कोणाच्या तरी मांडीवर होते. शास्त्राच्या इतिहासात ही मांडी नोंदवलेली नसते. १९०४ च्या डिसेंबरात एव्ह जन्मली, तेव्हा आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

आता १९०६ च्या वसंताकडे वळू. त्या वर्षी १० मार्चला फ्रान्सच्या उत्तर भागात कुरिएर येथील कोळशाच्या खाणींत स्फोट झाला आणि १,०९९ माणसे मेली. शोधकार्य तीन दिवसांतच थांबवण्यात आले. आणि ३० मार्चला, वीस दिवसांनी, तेरा माणसे अंधारातून चालत जिवंत बाहेर आली. खाणमुलखात संपाचा आगडोंब उसळला, सरकारने लष्कर धाडले. पॅरिसमध्ये कामगार संघटना १ मेच्या तयारीला लागल्या होत्या. त्यांची मागणी होती आठ तासांची. छापखान्यांचे कामगार नऊ तासांच्या दिवसासाठी झगडत होते. ही पार्श्वभूमी क्यूरींच्या चरित्रांत सहसा येत नाही. मला ती सांगणे भाग आहे, कारण पिएर क्यूरीच्या शेवटच्या दिवशी ती त्याच्या वाटेत आली.

ईस्टरच्या सुटीत हे कुटुंब पॅरिसबाहेर एका खेड्यात गेले होते. पिएर सोमवारी परतला. मेरी मुलींना घेऊन बुधवारी आली. गुरुवार, १९ एप्रिल. पाऊस पडत होता. मेरी वरच्या मजल्यावर मुलींच्या गडबडीत होती. खालून पिएरने विचारले, आज प्रयोगशाळेत येणार का? तिने वैतागून उत्तर दिले की ते आत्ता सांगता येत नाही, मला छळू नकोस. तो निघून गेला. हे आपल्याला तिच्याच वहीतून कळते. पिएर गेल्यावर त्याला उद्देशून तिने वर्षभर एक वही लिहिली. ती वही संशोधकांना १९९० साली खुली झाली. एवढ्या मोठ्या दोन शास्त्रज्ञांचे शेवटचे बोलणे हे असे होते. त्यात नवल नाही. घरात शेवटचे बोलणे बहुधा असल्याच कशावरून तरी होते, कारण ते शेवटचे आहे हे कोणाला ठाऊक असते? माझे गॅसच्या टाकीवरून झाले होते.

दुपारी पिएर प्राध्यापकांच्या संघटनेच्या सभेला आणि जेवणाला गेला. तेथे कनिष्ठ अध्यापकांच्या परिस्थितीविषयी आणि प्रयोगशाळांतील अपघात टाळण्यासाठी कायदा व्हावा याविषयी बोलणे निघाले. अपघातांविषयीची ती चर्चा आटोपून तो उठला. तेथून तो मुद्रिते तपासण्यासाठी आपल्या प्रकाशकाकडे गेला. दार बंद होते. संप चालू होता. मग तो विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाकडे जाण्यासाठी वळला. रू दोफिन या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यावर छत्री उघडून चालताना तो एका घोडागाडीच्या मागून एकदम रस्त्याच्या मध्ये आला. समोरून सैनिकांच्या गणवेशांचे गठ्ठे लादलेली, सुमारे सहा टन वजनाची मालगाडी येत होती. तो घोड्याला धडकला, त्याला धरून उभे राहण्याचा प्रयत्न केला, ओल्या फरसबंदीवर पाय घसरला. घोड्यांच्या टापा आणि पुढची चाके त्याला न लागता गेली. मागच्या डाव्या चाकाखाली डोके आले. तो सेहेचाळीस वर्षांचा होता.

ते बंद दार मला पुष्कळ दिवस छळत राहिले. मी तीस वर्षे संप केले आहेत. संपाच्या दिवशी कोण कोणत्या बंद दारावरून परत गेला आणि पुढे त्याचे काय झाले, हे आपण कधी मोजत नाही. मोजता येतही नाही. दार उघडे असते तर तो तासभर मुद्रिते तपासत बसला असता आणि ती मालगाडी निघून गेली असती. पण असा हिशेब मांडू लागलो तर पावसालाही आरोपी करावे लागेल, प्राध्यापकांच्या जेवणालाही. मेरीने त्या संपाला दोष दिल्याचे माझ्या वाचनात कोठे आले नाही. मी मात्र माझ्या बाबतीत त्या गेटसभेला पुष्कळ दिवस दोष देत होतो.

आणखी एका माणसाचा उल्लेख करून पुढे जातो. तो गाडीवान. जमलेला जमाव त्याच्या अंगावर धावून गेला, पोलिसांना त्याला वाचवावे लागले. त्याने गाडी वळवण्याची शिकस्त केली होती. पोलीस ठाण्यात तो रडत होता, आणि पिएरच्या प्रयोगशाळेतला मदतनीस प्रेत ओळखण्यासाठी आला तोही रडत होता. या मदतनिसाने सांगितले की साहेब रस्त्याने चालताना कधीच लक्ष देत नसत. नोकराच्या तोंडून निघालेली ही साक्ष त्या गाडीवानाच्या किती उपयोगी पडली असेल, हे कामगार कोर्टाच्या बाकावर बसलेल्यांना सांगावे लागणार नाही.

आता मी त्या दारापाशी येतो, ज्याच्यासाठी हा विषय घेतला. खिशातील कागदपत्रांवरून ओळख पटली. विज्ञान शाखेचे अधिष्ठाते पोल आपेल आणि क्यूरींचे शेजारी, स्नेही प्राध्यापक जाँ पेराँ हे दोघे बुलव्हार केलरमानवरील घरी गेले. मेरी बाहेर गेली होती. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोघांचे चेहरे पाहिले, आणि पाहुण्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी म्हटले की माझा मुलगा गेला. मग हकीगत ऐकल्यावर ते एवढेच पुटपुटले की, आता हा पुन्हा कसल्या स्वप्नात होता!

मी स्वतः अशी बातमी घेऊन अनेक दारांत गेलेलो आहे. कारखान्यात अपघात झाला की मालक माणूस पाठवतो तो कागद घेऊन. आणि त्याच्याआधी पोहोचावे म्हणून युनियनचा माणूस धावतो. दार कोणी उघडावे हे आपल्या हाती नसते. बहुतेक वेळा ते म्हातारी किंवा म्हाताराच उघडतो, कारण बाकीचे कामावर असतात. आणि मग पुढचे दोन-तीन तास, सून घरी येईपर्यंत, त्या म्हाताऱ्या माणसाला ती बातमी एकट्याने बाळगून बसावी लागते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डॉक्टर तसे बसून राहिले. दोन्ही पाहुणे होते, पण बातमी त्यांची नव्हती. सहा वाजता दारात किल्ली वाजली. मेरी आत आली. आपेल यांनी सांगितले. ती बराच वेळ दगडासारखी उभी राहिली. मग तो खरोखरच गेला का, असे तिने विचारले.

त्यानंतर ती कामाला लागली. इरेनला काही दिवस ठेवून घ्या असे तिने शेजारी पेराँबाईंना सांगितले, वॉर्साला तार केली, शवचिकित्सा नको आणि प्रेत घरीच आणा असे कळवले. रडली नाही. दुसऱ्या दिवशी मोंपेलिएहून पिएरचा थोरला भाऊ जाक आला. स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हा शोध या दोन भावांनी मिळून १८८० साली लावला होता. जाकला समोर पाहिल्यावर मेरीला रडू फुटले. तोपर्यंत तिच्याभोवती मोठी माणसे कमी नव्हती. पण पिएरचा चेहरेपट्टीचा वारसा ज्याच्याकडे होता, तोच हा बांध फोडू शकला असावा, असा माझा तर्क आहे.

शनिवारी, २१ एप्रिलला सो या गावी पिएरला त्याच्या आईशेजारी पुरले. मिरवणूक, भाषणे, शिष्टमंडळे यांतले काहीही होऊ नये म्हणून मेरीने दिवस अलीकडे ओढला होता. तरीही शिक्षणमंत्री आरिस्तीद ब्रियाँ मागच्या मागे येऊन उभे राहिले. एकेकाळी सार्वत्रिक संपाचा पुरस्कार करणारे ते हेच ब्रियाँ. शवपेटीत मेरीने बागेतली फुले आणि पिएरला आवडणारा आपला एक लहानसा फोटो ठेवला. खेड्याहून पिएरने आणलेली पिवळी रानफुले घरात पाण्यात होती, ती तो गेल्यानंतरही ताजी होती. हे तिने वहीत लिहिले आहे. इरेनला आधी एवढेच सांगितले होते की बाबांच्या डोक्याला लागले आहे आणि त्यांना विश्रांती हवी. खरे सांगण्यासाठी आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची पोर खेळत होती. ऐकून घेतले आणि पुन्हा खेळू लागली. आईला वाटले, हिला समजलेच नाही. आई निघून गेल्यावर ती रडू लागली आणि घरी न्या म्हणाली.

अंत्यविधी झाल्याबरोबर सरकारकडून विचारणा आली की पाश्चरच्या विधवेला दिले तसे निवृत्तिवेतन क्यूरींच्या विधवेला द्यावे काय. हा निरोप जाकने आणला. मेरीने नकार दिला. मी तरुण आहे, स्वतःचे आणि मुलींचे पोट मी भरू शकते, असे तिचे म्हणणे. ती अडतीस वर्षांची होती. चरित्रकार या नकाराने हरखून जातात, पंचविशीत मीही हरखलो होतो. आज माझे मत थोडे निराळे आहे. नकार देण्यासाठी ऐपत लागते. तिच्याजवळ डॉक्टरेट होती, नोबेल होते, प्रयोगशाळेत नेमणूक होती. चाळीसच दिवस आधी कुरिएरच्या खाणवस्त्यांत शेकडो बायका विधवा झाल्या होत्या. त्यांच्याजवळ काय होते? फ्रान्समध्ये अपघात-भरपाईचा कायदा १८९८ साली झाला, आपल्याकडे तो १९२३ साली आला, आणि दोन्हीकडे विधवेने मान खाली घालूनच ते पैसे घ्यावेत अशी देणाऱ्याची अपेक्षा राहिली. मी आमच्या भगिनींना सांगत आलो आहे की बाई, घे; ही भीक नव्हे, हा तुझ्या माणसाच्या घामाचा उरलेला पगार आहे. मेरीचा नकार मला मान्य आहे, पण त्याचा कित्ता कोणी या बायकांपुढे ठेवू नये.

नकार तिने दिला. काम मात्र समोर नव्हते. सोर्बोनमधली पिएरची जागा रिकामी होती आणि त्या विद्यापीठात तोवर एकाही बाईने व्याख्यान दिलेले नव्हते. इथे घरची माणसे पुढे झाली. जाक आणि मेरीची थोरली बहीण ब्रोन्या यांनी अधिष्ठात्यांच्या कानावर घातले की पिएरचे काम पुढे नेऊ शकेल असे एकच माणूस आहे, आणि ते त्याच्या घरातच आहे. १३ मेला विज्ञान शाखेच्या मंडळाने पिएरचा अभ्यासक्रम मेरीकडे सोपवला. वार्षिक वेतन १०,००० फ्रँक ठरले. ५ नोव्हेंबरला दुपारी दीड वाजता ती व्याख्यानाला उभी राहिली आणि पिएरने जेथे सोडले होते त्याच वाक्यापासून तिने सुरुवात केली. या प्रसंगाचे वर्णन आपण सर्वांनी वाचलेले आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही.

ब्रोन्यावर मात्र थांबतो. या दोन बहिणींची आई १८७८ साली क्षयाने गेली, तेव्हा मेरी दहा वर्षांची होती. वडिलांची मिळकत तुटपुंजी, आणि वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा दोघींनी आपसात करार केला. मेरीने परक्या घरी मुले शिकवण्याची नोकरी धरायची आणि पैसे पॅरिसला ब्रोन्याकडे पाठवायचे. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मेरीला बोलावून घ्यायचे. भिशीच ती, दोन सभासदांची! मेरीने वर्षानुवर्षे हप्ते भरले आणि १८९१ साली पॅरिसची गाडी पकडली. १९०६ साली ब्रोन्या आपल्या नवऱ्याबरोबर झाकोपानेच्या डोंगरात क्षयरोग्यांचा दवाखाना चालवीत होती. तीन वर्षांपूर्वीच तिचा लहान मुलगा वारला होता. तार पोहोचल्यावर ती आली, भाऊ योझेफ वॉर्साहून आला. भाऊ परतला, ब्रोन्या काही आठवडे राहिली.

ती परत जाण्याच्या सुमारास, उन्हाळा असूनही, मेरीने निजण्याच्या खोलीत शेकोटी पेटवली, बहिणीला आत बोलावले आणि दार लावून घेतले. कपाटातून कागदात बांधलेले एक गाठोडे काढले. अपघाताच्या दिवशीचे पिएरचे रक्ताने माखलेले कपडे तिने तोवर जपून ठेवले होते. कात्रीने एकेक तुकडा कापून ती आगीत टाकू लागली. मध्येच हात थांबला आणि ती त्या कापडाला ओठ लावू लागली. तेव्हा ब्रोन्याने ते तिच्या हातून ओढून घेतले आणि उरलेले स्वतः कापून जाळले. मग मेरी तिच्या कुशीत शिरून हुंदके देऊ लागली. कसे जगायचे ते सांग, मदत कर, असे म्हणत राहिली. ब्रोन्याने काय उत्तर दिले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. तिने बहिणीला अंथरुणावर निजवले, एवढे आपल्याला माहीत आहे.

ब्रोन्या गेली, जाक गेला. घरात राहिले कोण? एक अडतीस वर्षांची विधवा, दोन मुली आणि एक म्हातारा. सासरा-सुनेचे हे नाते आता ज्याच्यामुळे होते तो माणूस मध्ये उरला नव्हता. मेरीने सासऱ्यांना मोकळे केले. तुम्ही राहिलात तर मला हवेच आहे, पण थोरल्या मुलाकडे जावे असे वाटत असेल तर तसे करा, निवड तुमची, असे तिने त्यांना सांगितले. डॉक्टरांनी उत्तर दिले की मला तुझ्याजवळच राहायचे आहे. याहून अधिक बोलणे झाल्याचे दिसत नाही. ज्या महाराष्ट्रात त्या सुमारास धोंडो केशव कर्वे यांना हिंगण्याला विधवांसाठी आश्रम चालवावा लागत होता, तेथल्या श्रोत्यांना हा संवाद उलगडून सांगण्याची गरज नाही.

पुढे मेरीने सो या गावीच घर घेतले, पिएरच्या थडग्यापासून जवळ. रोज आगगाडीने ती पॅरिसला जाई आणि संध्याकाळी थकून परते. मुलींसमोर ती पिएरचे नाव काढीत नसे. तिच्याने ते होतच नसे. ही अशी मिटलेली आई घरात असताना मुलींनी हसायचे कोणाबरोबर? ते काम आजोबांनी पत्करले. बागकाम, झाडांची नावे, दगडगोट्यांचा संग्रह, व्हिक्टर ह्यूगोच्या कविता. इरेनची मुख्य शाळा हीच होती. आपल्या मुलाच्या थडग्याकडे ते जात नसत, असे नातीने लिहिले आहे. ज्याचे काही उरलेले नाही त्याच्या सावलीपायी स्वतःला जाळून घेणे त्यांना मान्य नव्हते. सुनेचे थडग्यापाशी जाणे त्यांनी अडवले नाही, आणि आपले न जाणे तिच्यावर लादलेही नाही. एकाच घरात एकाच माणसासाठी दोन तऱ्हांचे दुःख असे शेजारी शेजारी नांदले. मी जेवढी घरे पाहिली त्यांत भांडणे बहुधा येथेच लागतात. ‘तुला काहीच कसे वाटत नाही’ या वाक्यापासून ती सुरू होतात.

माझ्या घरी थोरली बहीण आली. तेराव्यापुरती आली ती चौदा महिने राहिली. ‘धीर धर’ हे दोन शब्द तिने एकदाही उच्चारले नाहीत. तिने वाण्याची उधारी भागवली, धाकटीच्या शाळेच्या सभांना गेली, आणि रात्री मी कितीही उशिरा आलो तरी ताट झाकलेले असे. एकदा मी तिच्यावर ओरडलो, की पत्नीच्या साड्या तिने उन्हात का घातल्या. ती काही बोलली नाही. साड्या घडी करून पुन्हा कपाटात ठेवल्या. तिकडे गावी आमचे दाजी चौदा महिने स्वतःच्या हाताने भाकरी थापून खात होते, हे मला फार उशिरा, दुसऱ्याच कोणाकडून कळले. एव्हचे पुस्तक मी पुन्हा उघडले ते या दिवसांत. डॉक्टरांचे जेथे जेथे नाव येते तेथे पेन्सिलीची खूण करीत गेलो. खुणा फार झाल्या नाहीत. एव्हचाही इलाज नसावा. आजोबा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती.

या वर्षांतला एक निर्णय सांगण्यासारखा आहे. पिएर आणि मेरी यांनी स्वतःच्या हाताने वेगळे केलेले एक ग्रॅम रेडियम होते. त्याची किंमत दहा लाख सुवर्ण फ्रँकांहून अधिक. दोन पोरक्या मुलींसाठी ते राखून ठेवावे, असे स्नेह्यांना वाटत होते. सासरा आणि सून यांनी एकमताने ते प्रयोगशाळेला देऊन टाकले. त्या मुलींच्या वाट्याचे धन कोणी उधळले असे पुढे दोघींनाही कधी वाटले नाही.

१९०९ साली डॉक्टरांना फुप्फुसाच्या दुखण्याने गाठले. वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते. आता पाळी उलटली. प्रयोगशाळेतून सुटलेला सगळा वेळ मेरी त्या अवघड रोग्याच्या उशाशी बसू लागली, त्याचे मन रमवू लागली. २५ फेब्रुवारी १९१० रोजी ते वारले.

पुढच्याच वर्षी, १९११ साली, पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी तिच्या खाजगी आयुष्यावरून तिच्यावर गलिच्छ चिखलफेक केली, तेव्हा म्हातारा घरात नव्हता. पण ब्रोन्या आली, आणि त्या डिसेंबरात दुसरे नोबेल घेण्यासाठी मेरी स्टॉकहोमला गेली ती ब्रोन्या आणि इरेन यांना बरोबर घेऊनच. आजोबांच्या हाताखाली वाढलेली इरेन १९३५ साली नोबेलची मानकरी झाली; आणि १९३६ साली, ज्या सरकारने फ्रेंच कामगारांना चाळीस तासांचा आठवडा आणि पगारी रजा दिली, त्या सरकारात शास्त्रीय संशोधनाची उपमंत्री झाली. तिची राजकीय मते आजोबांकडून आलेली होती, असे धाकट्या बहिणीचे म्हणणे आहे.

डॉक्टरांच्या दफनाची हकीगत राहिली. फेब्रुवारीची थंडी, जमीन गोठलेली. मेरीने कबर खणणाऱ्यांना एक विचित्र हुकूम केला. पिएरची शवपेटी वर काढा, डॉक्टरांची तळाशी ठेवा आणि पिएरची तिच्यावर ठेवा. मुलगा आणि आपण यांच्यामध्ये कोणी असू नये, वरची जागा आपल्यासाठी मोकळी राहावी, हा तिचा हेतू होता. ती जागा तिने बराच वेळ न घाबरता न्याहाळली. ४ जुलै १९३४ रोजी ती वारली आणि त्या जागेत गेली. ब्रोन्या आणि योझेफ यांनी पोलंडहून आणलेली मूठमूठ माती वर टाकली.

एप्रिल १९९५ मध्ये फ्रान्सच्या सरकारने मेरी आणि पिएर या दोघांच्या शवपेट्या तेथून काढून मोठ्या इतमामाने पॅरिसच्या पाँथिऑनमध्ये नेल्या. डॉक्टर सो येथेच आहेत, पत्नीजवळ.